पिकअपचे शॉक बदलताना : नोंदवही

४ जानेवारी, किमी १,१८,२४०

चारही शॉक (शॉक ॲबसॉर्बर) अजून कंपनीतून आलेलेच आहेत. एवढे किलोमीटर झाल्यावर तक्रार करायचा हक्क माझ्यापेक्षा गाडीलाच जास्त. तरी आधी लक्षणं लिहून ठेवतो. नाहीतर नवीन माल बसवला की 'केवढा फरक पडला' असं मन आपोआप म्हणायला लागतं, मग फरक पडलेला असो वा नसो.

हौदा रिकामा असताना बारीक लाटांचा रस्ता आणि वळण एकत्र आलं, की मागची बाजू बाहेर सरकते. दोन बोटं सरकते, पण हाताला कळतं. माल भरला की उलटं. गतिरोधकावरून उतरल्यावर मागचा भाग दोन-तीन वेळा डुलतो आणि मग निवांत होतो. ब्रेक दाबला की नाक खाली. वळताना फारसं कलत नाही.

पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सबंध ॲक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). मागचा डावा शॉक ॲक्सलच्या पुढून, उजवा मागून. हे मुद्दाम असतं. जोरात वेग घेताना किंवा ब्रेक दाबताना ॲक्सल पाट्यांवर पीळ घेऊन उड्या मारू नये म्हणून.

७ जानेवारी

गाडीखाली झोपून पाहणी. पुढचा डावा ओला, तेलावर धूळ बसून काळा लेप झालाय, रॉडजवळून थेट खाली ओघळ. हा गेला, त्यात वाद नाही. पुढच्या उजव्यावर नुसतं दमट सावट आहे. सीलमधून तेलाचा पातळ थर बाहेर येतोच, तेवढ्यावर शॉक बाद करत नाहीत. मागचे दोन्ही कोरडे ठाक. उजव्याच्या खालच्या डोळ्यातलं (बोल्ट जातो त्या कडीतलं) रबर बुश मात्र लंबगोल झालंय.

बोनेटवर वजन टाकून गाडी हलवून बघायची ती जुनी चाचणी केली. मागे तर पाटे दबतच नाहीत, काय कळणार कप्पाळ. पाट्यांच्या गाडीला ही चाचणी लावूच नये.

टायरवर हात फिरवला. मागच्या उजव्या टायरवर थोड्या थोड्या अंतरावर उथळ वाट्या लागल्या. डोळ्यांना दिसत नाहीत, तळव्याला लागतात. चाक रस्त्यावर टेकून न राहता टप्पे खात असलं की रबर असं ठिपक्याठिपक्यांनी झिजतं.

८ जानेवारी

ही चाचणी मला सगळ्यात आवडली. शॉक करतो काय, तर हालचालीची उष्णता करतो. पिस्टन तेलातून वरखाली होतो, तेल बारीक वाटांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपांमधून रेटलं जातं, आणि चाकाची ऊर्जा तापमान होऊन बाहेर पडते. म्हणजे काम करणारा शॉक तापला पाहिजे. जो थंड राहिला तो कामचुकार.

बारा किलोमीटर कच्च्या रस्त्यावर एकाच वेगाने चालवली, थांबल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटर. बाहेर २९ अंश होते.

पुढचा डावा ४१, पुढचा उजवा ५४. मागचा डावा ५२, मागचा उजवा ३८.

पुढचा डावा अपेक्षितच होता. मागचा उजवा, दिसायला सगळ्यात स्वच्छ, तोच सगळ्यात थंड. म्हणजे तेल आत आहे, पण झडपा दाब धरत नाहीत. कोरडा शॉक म्हणजे धड शॉक, हे डोक्यातून काढून टाकलं.

(थर्मामीटर नसेल तर हात लावून बघतात, पण हात आधी जवळ नेऊन अंदाज घ्यावा. चांगला शॉक खडबडीत रस्त्यानंतर चटका देतो.)

११ जानेवारी

आज लाज वाटली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हवेचे दोन आकडे आहेत: मागे रिकाम्या गाडीला ३६ पीएसआय, भरलेल्या गाडीला ५२. मी बारा महिने ५२ ठेवतो, कारण 'कधीतरी माल असतोच'. मागची हवा ३६ केली, तोच लाटांचा रस्ता, तेच वळण. सरकणं निम्म्याने गेलं.

टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच, फक्त तिला शॉक नसतो. टायर दगड केल्यावर सगळा भार शॉकवर, आणि माझे शॉक आधीच अर्धे मेलेले. निम्मी तक्रार फुकटात मिटली. उरलेल्या निम्म्यासाठी शॉक.

यापुढे माल भरण्याआधी हवा, उतरवल्यावर हवा. कंटाळा येईल. बघू.

१२ जानेवारी

खरेदीची घाई नाही. आधी महिनाभर लिहून ठेवायचं, की हौद्यात रोज किती वजन असतं. कारण ज्याला विचारलं त्याने पहिलं वाक्य हेच टाकलं: "पिकअप आहे ना? मग हेवी ड्यूटीच टाक." माझी गाडी खरंच हेवी असते का, हे मला स्वतःलाच सांगता येईना.

२ फेब्रुवारी, किमी १,१९,५१०

नोंदी बेरजेला घेतल्या. गाडी रस्त्यावर आली ते दिवस २२. त्यांतले १३ दिवस हौदा रिकामा किंवा एखादी पेटी. सहा दिवस दोनशे-अडीचशे किलो. पाचशेच्या आसपास फक्त तीन दिवस. मी स्वतःला मालवाहू समजत होतो, वही म्हणते की मी बहुतेक वेळा रिकामा हौदा हिंडवतो.

३ फेब्रुवारी

कडक शॉक की मध्यम, हे गप्पांनी ठरणार नाही म्हणून हिशोब मांडला.

पाट्यांचा कडकपणा: ५० किलोच्या दहा गोण्या बरोबर ॲक्सलच्या वर रचल्या. दोन्ही बाजूंना गाडी ५४ मिमी बसली. ५०० किलो भागिले ५४ मिमी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून मिलिमीटरला सुमारे ९० न्यूटन, एका बाजूला ४५. खालचा जाड मदतीचा पाटा अजून लागला नव्हता, म्हणून हा आकडा सरळ धरला.

मागच्या एका चाकावर पाट्यांनी तोललेलं वजन रिकाम्या गाडीत ३०० किलो धरलं, ५०० किलो मालासह ५५०. रिकामी गाडी सेकंदाला जवळपास दोन झोके घेऊ पाहते (१.९५), भरलेली दीडच्या खाली (१.४४). भरल्यावर गाडी 'मऊ' वाटते ती यामुळे.

आता दमन, म्हणजे झोके शमवणं. हलवून सोडल्यावर वस्तू एकही झोका न घेता जागेवर यावी, त्याला लागणाऱ्या दमनाच्या कितवा भाग शॉक देतो, हे गुणोत्तर. प्रवासी गाड्यांत ते साधारण ०.२ ते ०.४ असतं. पूर्ण १ ठेवलं तर गाडी डुलणार नाही, पण प्रत्येक खडा पाठीच्या कण्यात जाईल.

रिकाम्या गाडीला ०.३० जमेल असा शॉक घेतला, तर ५०० किलोवर तोच शॉक ०.२२ वर येतो. भरलेल्या गाडीला ०.३० जमवला, तर रिकामी असताना ०.४१. पिकअपची खरी अडचण इतकीच आहे. वजन जवळपास दुप्पट होतं आणि शॉक मात्र तोच राहतो. दोन्हीकडे बरोबर असा एकच साधा शॉक असूच शकत नाही. कुठल्या बाजूला चूक सोसायची, ते मालकाने ठरवायचं.

२२ पैकी १९ दिवस मी अडीचशे किलोच्या आत आहे. मी रिकाम्या बाजूला झुकणार.

एक भर: पाटे एकमेकांवर घासतात, तेही थोडं दमन देतं. घोडागाडीच्या आणि पहिल्या मोटारींच्या काळात बराच भार त्याच घर्षणावर होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रुफो-हार्टफर्ड जातीचे शॉक आले तेही घर्षणाचेच, चकत्या एकमेकींवर दाबून धरलेल्या. पण घर्षणाला वेग कळत नाही. हळू हालचालीला ते अडून बसतं आणि जोराच्या धक्क्याला कमी पडतं. तेलाचं बरोबर उलट, जितक्या जोराने ढकलाल तितकं ते अडवतं.

आणि हो, 'शॉक ॲबसॉर्बर' हे नावच फसवं आहे. धक्का सोसते ती स्प्रिंग. शॉक फक्त स्प्रिंगचा नाच थांबवतो. वजन पेलणं हे त्याचं काम नाही, त्यामुळे 'माल भरल्यावर गाडी बसते, नवीन शॉक टाक' या सल्ल्यात काही अर्थ नाही. बसते तर पाटे बघा.

६ फेब्रुवारी

एकनळी की दोननळी.

दोननळीत आतल्या नळीत पिस्टन फिरतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्याच्यावर हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. स्वस्त, मऊ, बाहेरून पोचा आला तरी बहुधा चालतो. पण तेल आणि वायू एकाच खोलीत राहतात. लांब कच्च्या रस्त्यावर घुसळून फेस झाला, की पिस्टन फेसातून फिरतो आणि शॉक 'निघून जातो'. थंड झाला की परत येतो. शिवाय तो जवळपास उभाच बसवावा लागतो.

एकनळीत पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो. तेल एकीकडे, जास्त दाबाचा नायट्रोजन दुसरीकडे, मध्ये तरंगता पिस्टन. फेस होत नाही, उष्णता थेट बाहेरच्या भिंतीला जाते, उलटा टांगला तरी चालतो. ही रचना फ्रेंच अभियंता बुर्सिए द कार्बों यांची. जर्मनीच्या बिलस्टाइनने ती हाती घेतली आणि १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत बसवली. दुखरी बाजू अशी की एक दगड लागून पोचा पडला, की पिस्टन तिथे अडकतो आणि शॉक संपला. दाबामुळे सील रॉडला जास्त घट्ट धरतं, म्हणून बारीक खडीवर किंचित खडखडीत वाटतो. त्याच चालीसाठी लांबीही थोडी जास्त लागते.

मागे एकनळी घेणार. माझे मागचे शॉक बरेच तिरके बसतात, आणि दगड उडतो तो पुढच्या चाकांचा, त्याच्या आडवी सायलेन्सरची नळी आणि ॲक्सल आहे. पुढे कंपनीसारखा दोननळीच, पण गॅस भरलेला.

बाहेर वेगळी टाकी असलेले शॉक बघितले. तेल जास्त, गार राहतं. वाळवंटात तासन्‌तास धावणाऱ्याला उपयोगी. मला ते मिरवायला हवे होते, हे कबूल करून पान उलटलं. खटक्याने कडकपणा बदलणारेही बघितले. कल्पना माझ्या अडचणीवर अचूक बसते, पण त्यासाठी दर वेळी चिखलात गाडीखाली शिरून खटका फिरवायचा. टायरची हवा कमीजास्त करताना मला कंटाळा येणार हे महिनाभरापूर्वी मीच लिहिलंय.

१० फेब्रुवारी

मोजमापाचा दिवस. 'या मॉडेलला बसतो' हे फार ढोबळ विधान आहे. डोळा आणि बोल्ट जुळला की विकणाऱ्याच्या मते बसला. लांबी जुळते का, ते आपण बघायचं.

रिकामी गाडी सपाट जमिनीवर, मागचा शॉक डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत ५०३ मिमी. चेसी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून ॲक्सल पूर्ण लोंबू दिला: ५९०. हे सरळ टेपने.

पूर्ण दबलेली लांबी हिशोबाने काढावी लागते. ॲक्सल आणि चेसीवरच्या रबर स्टॉपरमध्ये मोकळी जागा ९५ मिमी. रबर स्वतः ६० मिमी उंच, जोराच्या आदळीत ते निम्मं दबेल असं धरून आणखी ३०. म्हणजे ॲक्सल १२५ मिमी वर जाऊ शकतो. शॉक उभ्या रेषेपासून सुमारे २५ अंश तिरका, त्यामुळे त्याची लांबी तेवढी घटत नाही, १२५ च्या ०.९ पट, ११३. ५०३ वजा ११३, ३९० मिमी.

तर शॉक असा हवा, की पूर्ण दबल्यावर ३९० पेक्षा निदान १२ मिमी आखूड, म्हणजे ३७८ च्या आत, आणि पूर्ण उघडल्यावर ६०० तरी. पहिली अट मोडली तर रबर स्टॉपरच्या आधी शॉकच तळाला टेकतो. सगळी आदळ पिस्टनवर आणि चेसीच्या कानावर (जिथे शॉक बोल्टने बसतो) येते. दुसरी अट मोडली तर शॉक ॲक्सलला लटकवणारा पट्टा बनतो.

यादीतले तीन ताडून पाहिले. पहिला ३७२ ते ६०४: बसतो, वर १८ मिमी शिल्लक. दुसरा ४०९ ते ६७१: हा उंच केलेल्या गाडीसाठी, माझ्या गाडीला लावला तर स्टॉपरला पूर्ण दबायची संधीच मिळणार नाही. आणि लोक 'लांब म्हणजे जास्त चाल' म्हणून हाच घेतात. तिसरा ३६० ते ५७८: लोंबताना १२ मिमी कमी पडतो.

स्टॉपरचं डावं रबर फाटून अर्धं उरलंय, हे मोजताना दिसलं. ते यादीत सगळ्यात वर.

पुढची मापं वेगळी. तिथे शॉक खालच्या विशबोनच्या मधोमध उभा, चाक १० मिमी हललं तर शॉक ६ मिमी. दमनाच्या बाबतीत हे गुणोत्तर वर्गाने लागतं: ०.६ चा वर्ग ०.३६. म्हणून पुढच्या शॉकचे आकडे मागच्यांपेक्षा इतके मोठे दिसतात. ते बघून घाबरायचं नाही आणि दोघांची तुलनाही करायची नाही. पुढे फार विचार नको, मूळ उंचीचाच घेतो.

१३ फेब्रुवारी

कडकपणाचे आकडे. बहुतेक ठिकाणी 'कम्फर्ट', 'स्पोर्ट', 'एक्स्ट्रीम' अशी विशेषणं. काही उत्पादक मात्र बळ देतात, पिस्टनचा वेग सेकंदाला ०.५२ मीटर असताना उघडतानाचं आणि दबतानाचं. उघडतानाचं नेहमी मोठं असतं. दबताना स्प्रिंग स्वतःच अडवत असते, उघडताना मात्र साठलेली सगळी ताकद ती सोडते, आणि त्या वेळी लगाम फक्त शॉकच्या हातात.

३७२ ते ६०४ याच मापात दोन पर्याय मिळाले: २०००/८०० न्यूटन आणि २८००/१००० न्यूटन. दोन्हींची सरासरी काढून, वेगाने भागून, तिरकेपणाची घट वजा केली. पहिला रिकाम्या गाडीला ०.३० आणि ५०० किलोला ०.२२. दुसरा ०.४१ आणि ०.३०. म्हणजे ३ तारखेच्या हिशोबातले दोन्ही टोकाचे पर्याय, जणू मला बघूनच बनवलेले. पहिला मागवला. पाट्यांचं घर्षण वरून थोडी भर घालेल.

२४ फेब्रुवारी

खोकी आली. दोन्हींवर नंबर बरोबर. पुतण्याने दोन्ही शॉक भिंतीला उभे टेकवले आणि म्हणाला, "काका, हे जुळे नाहीत."

नव्हतेच. दाबून पट्टी बांधलेल्या अवस्थेतच एक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं उंच. टेप लावला. उंच गाडीचा शॉक आमच्या नंबरच्या खोक्यात. विकणाऱ्याचं म्हणणं, "नंबर तर बरोबर आहे." नंबर पुठ्ठ्यावर आहे, गाडीला लोखंड लावायचंय, असं शांतपणे सांगितलं. फोटोत टेप धरून पाठवल्यावर बदलून द्यायला तयार झाला. आठवडा गेला.

मोजला नसता तर तो बोल्टला बिनबोभाट बसला असता. गंमत म्हणजे डोळ्यांची मापं एकच आहेत.

१ मार्च

सगळ्या बोल्टांवर गंजतेल, काल एकदा, आज दोनदा.

२ मार्च, किमी १,२०,३९०

मागचे बसवले. पुढची चाकं उटी लावून पक्की, चेसी घोड्यांवर, जॅक ॲक्सलखाली हलका टेकवून. ॲक्सल लोंबकळत ठेवून शॉक काढला तर ब्रेकच्या पाइपवर ताण येतो.

डावा सरळ निघाला. उजव्याचा खालचा बोल्ट बुशच्या लोखंडी नळीशी एकजीव झालेला. तापवून, ठोकून, पुन्हा तेल, दोन तास. शेवटी बोल्ट कापला. नवीन बोल्ट आधीच आणून ठेवले होते, एवढं शहाणपण सुचलं होतं.

काढलेला उजवा शॉक उभा धरून हाताने दाबला. पहिली बोटभर चाल नुसती पोकळ, काहीच अडवत नाही, मग एकदम टक्‌ करून धरतो, आणि परत पोकळ. डावा सबंध चालीत मध घुसळल्यासारखा एकसारखा. ३८ अंशांचं उत्तर हातात मिळालं.

नवीन शॉकची पट्टी कापली की रॉड आपोआप बाहेर येतो, सावकाश पण न थांबता. वरचा बोल्ट आधी घालून मगच पट्टी कापावी, आणि बोटं मध्ये ठेवू नयेत. रॉड फिरत होता म्हणून पुतण्याने पकड उचलली. ओरडलोच. त्या क्रोमवर एक ओरखडा, आणि पहिल्याच दिवशी सील कापायला सुरुवात. डोळ्यात पेचकस घालून फिरवला.

बोल्ट फक्त हाताने घट्ट. गाडी खाली चाकांवर उतरवली, दोन-तीनदा हलवली, मग गाडीखाली शिरून मॅन्युअलमधल्या टॉर्कला (सांगितलेल्या पिळाच्या जोराला) आवळले. हवेत असतानाच आवळले तर बुशचं रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. माझं लंबगोल बुश बहुधा असंच गेलं असावं.

उघड्या रॉडवर एक पातळ केबल टाय बसवला, सीलला टेकवून. शॉक किती दबतो याची खूण तो सांगेल.

आवराआवरीत १७ चा पाना सापडेना.

३ मार्च

पुढचे मी केले नाहीत. कॉइल दाबून धरायचा हुकांचा कॉम्प्रेसर माझ्याकडे आहे, पण दाबलेली कॉइल सुटली तर ती माणूस ओळखत नाही. सगळा संच काढला आणि ज्याच्याकडे कॉइलचं बसकं यंत्र आहे त्याच्याकडे नेला. कॉइल, वरची प्लेट आणि खालची वाटी यांच्यावर आधी खडूने खुणा केल्या, म्हणजे परत जुळवताना अंदाज नको. वरची रबरं नवी. दोननळी शॉक बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचा असतो, आडवं पडून आतल्या नळीत शिरलेला वायू वर निघतो. ते यंत्रवाल्याने न सांगता केलं, तेव्हाच माणूस बरा वाटला.

दुपारी चाकांचं अलाइनमेंट.

४ मार्च

मागून गाडी ८ मिमी वर आली. पुतण्या म्हणतो, "काका, शॉक वजन पेलत नाही म्हणाला होतात." खरंय, पण रॉड १४ मिमी जाड, म्हणजे छेद १५४ चौरस मिमी. आतला दाब २५ बार धरला तर रॉडला बाहेर ढकलणारं बळ ३८५ न्यूटन होतं. तिरकेपणा धरून सुमारे ३५०, भागिले पाट्याचे ४५. पावणेआठ. पोरगं काही बोललं नाही, पण टेप घेऊन पुन्हा मोजून आलं.

९ मार्च

रिकामी, मागे ३६ पीएसआय. लाटांच्या वळणावर मागची बाजू जागेवर. ब्रेकला नाक झुकतं, पण आपटत नाही. बारीक खडीवर मात्र मागून कुरकुर वाढलीय, पहिल्यापेक्षा निश्चित खडखडीत. ०.३० ला हे, तर ०.४१ चा घेतला असता तर?

तोच बारा किलोमीटरचा कच्चा रस्ता. बाहेर ३१. पुढे ५५ आणि ५६, मागे ६० आणि ५९. जोड्या जुळल्या.

१६ मार्च

५०० किलो, मागे ५२ पीएसआय. गतिरोधकावरून उतरल्यावर एक पूर्ण झोका आणि एक अर्धा. जुन्यापेक्षा बरं, पण आदर्श नाही. हे विकत घेतानाच माहीत होतं. कच्च्या रस्त्यावर एका ठिकाणी खड्डा दिसला नाही, धप्पकन आवाज, पण रबराचा, लोखंडाचा नाही. उतरून केबल टाय बघितला. पूर्ण दबायला १५ मिमी बाकी होते, हिशोबात १८ होते. फाटकं स्टॉपर बदललं नसतं तर हा हिशोब तिथेच संपला असता.

भरल्यावर वेग थोडा कमी ठेवतो, बास.

३० मार्च, किमी १,२१,४१५

हजार किलोमीटर झाले म्हणून सगळे बोल्ट पुन्हा तपासले. मागच्या उजव्या खालच्याने जरासा टॉर्क खाल्ला, बाकी जागेवर. सीलजवळ कोरडं.

पण आठवडाभर मागून 'टक्‌' येतोय. रिकाम्या हौद्यात, फक्त डाव्या वळणावर. पहिला संशय नव्या शॉकवर, अर्थात. वरचे बुश दाबून बघितले, घट्ट. खालचा बोल्ट सोडून शॉक हाताने हलवला, पोकळ चाल नाही. पाट्यांच्या टोकांची बुशं सळईने रेटून पाहिली, धड. स्टेपनीचा लोखंडी हात आवळला, तरी टक्‌. शेवटी पुतण्याला हौद्याखाली झोपवला आणि मी बाहेरून गाडी डावीउजवीकडे ढकलली.

"काका, थांबा," खालून आवाज आला. मग त्याचा हात बाहेर आला, चेसीच्या पोकळ पट्टीतून काढलेला १७ चा पाना घेऊन.